सर, एजंट म्हणते भाषा लागत नाही, जाऊ का?

दारव्हा तालुक्यातल्या एका पोट्ट्याचं पत्र आलं आहे, नाव छापू नका म्हणला. वय 24, आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षाचा ट्रेड पास. सध्या एका ठेकेदाराकडं लाइनीच्या कामावर जाते, रविवारी घरगुती वायरिंग करते, महिन्याचे 12-13 हजार पडते, ते बी ठेकेदाराचं बिल निघालं तं. घरी चार एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन अन् तूर. नागपूरचा एक एजंट त्याले क्रोएशियाले पाठवतो म्हणते, वेअरहाऊसचं काम, महिन्याले दीड लाख, भाषेची काही गरज नाही, एकूण खर्च साडेपाच लाख, त्यातले दीड लाख याच महिन्यात. बाबा एक एकर विकायले तयार झाले, आई दोन दिवसापासून धड जेवली नाही. पोरगा लिहिते, "सर, मले मराठी अन् हिंदी येते, इंग्रजी वाचता येते पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. भाषा येत नाही त्या देशात आपल्यासारख्याले खरंच काम भेटते का? मित्राच्या ग्रुपवर थायलंडची बी जाहिरात आली, डेटा एन्ट्री, हिंदी चालते, 70 हजार पगार. काकाचा पोरगा म्हणते गल्फच बरं. मी काय करू?"

बाबू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. हो, भाषा न येता बी परदेशात काम भेटते, लाखो लोक करून राहिले. पण तू एजंटले एक प्रश्न विचारलाच नाही असं पत्रावरून दिसते, तो म्हणजे भाषा येत नसली तं *कोणतं* काम भेटते. ज्याच्यात बोलायची गरज पडत नाही तेच भेटते. स्कॅनर मारून माल काढणं, खोके रचणं, हॉटेलच्या मागं भांडी धुणं, फॅक्टरीच्या लाइनीवर दिवसभर एकच हालचाल करणं, फळं तोडणं, गोठा सांभाळणं. यातलं कोणतंच काम हलकं नाही अन् ते करणाऱ्याले मी हलका समजत नाही. पण तू इलेक्ट्रिशियन आहेस, दोन वर्ष ट्रेड शिकून पास झालेला, अन् साडेपाच लाख भरून तू तुझा ट्रेड सोडायले निघाला आहेस हे तुझ्या लक्षात आलं का?

करंटचं काम अन् भाषा यांचं नातं तुले समजवायची गरज नाही, तू स्वतः लाइनीवर जातोस. आपल्याकडं खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनमधून परमिट घेते, फीडर बंद झाला का हे तिकडच्यानं नीट सांगितलं अन् इकडच्याले नीट समजलं तेव्हाच माणूस वर चढते. एक शब्द इकडचा तिकडं झाला तं जीव जाते, आपल्या जिल्ह्यात असे किती गेले हे तुले बी माहीत आहे अन् मले बी. मंग युरोपातला कोणताही शहाणा मालक, ज्याले तिथली भाषा येत नाही अन् इंग्रजीही बोलता येत नाही अशा माणसाले पॅनल उघडू देईन का? नाही देणार, अन् त्याचं बरोबरच आहे. तिथं तू हेल्पर होशीन. दोन वर्षानं परत आला तं हातात सर्टिफिकेट तेच राहीन पण मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, कधी धरलं होतं ते आठवणार नाही. माझ्याच एका विद्यार्थ्याचं हे झालं, चांगला हात होता पोराचा, मोटार रिवायंडिंगमध्ये तं वर्गात पहिला, युरोपात एका गोदामात तीन वर्ष खोके मोजले अन् आता परत आल्यावर म्हणते सर, कामाले हात लावायची भीती वाटते.

आता पैशाचं. क्रोएशियात कायद्यानं कमीतकमी पगार ठरलेला आहे, 2025 साली तो महिन्याले 970 युरो होता, कपातीच्या आधीचा. कापून हाती 750 च्या आसपास येते. एक युरो शंभराच्या आसपास धर, म्हणजे 75 हजार रुपये. याच्यावर देणारे मालक असतात, ओव्हरटाइम बी असते, मी नाही म्हणत नाही, पण नवख्या, भाषा न येणाऱ्या, वेअरहाऊसच्या माणसाले दीड लाख देते असं जो म्हणते त्यानं ते ऑफर लेटरवर युरोत लिहून दाखवावं. मंग त्यातून राहायचं अन् जेवायचं कोण देणार ते विचार, कारण ते तुझ्या पगारातून गेलं तं उरते किती हे तूच मांड. अन् वावर न विकता कुठून व्याजानं पैसे उचलायचा विचार असन तं तेही मांड, शेकडा तीननं साडेपाच लाखाचं महिन्याचं व्याजच साडेसोळा हजार होते, मुद्दल तसंच उभं.

अन् हे लक्षात ठेव, कोणी एजंट सांगणार नाही. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटले केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागते, 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली, अन् लायसन्सवाला एजंट बी उमेदवाराकडून सेवेचे म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अन् वर 18 टक्के जीएसटी घेऊ शकते. म्हणजे 35,400. तिकीट, व्हिसा फी, मेडिकल हे वेगळं धरलं तरी साडेपाच लाखाचा हिशोब बसत नाही बाबू. सोयाबीन विकायले नेतो तेव्हा तुझे बाबा आधी व्यापाऱ्याचा काटा पाह्यते ना, मंग एवढ्या मोठ्या सौद्यात काटा न पाहता कसं चालन?

काटा असा पाह्यचा. ई-मायग्रेट नावाची सरकारी वेबसाइट आहे, मोबाईलवर बी उघडते. तिच्यात लायसन्स असलेल्या एजंटांची यादी आहे, अन् बिनालायसन्सचे, ज्यांच्या तक्रारी आल्या अशांची बी यादी आहे. एजंटकडून लायसन्स नंबर माग अन् तिथं टाकून पाह्य, नाव अन् पत्ता जुळला पाहिजे, कारण दुसऱ्याचा नंबर छापून फिरणारे बी आहेत. आमचं मुंबईत हेड ऑफिस आहे, नागपूरले फक्त ब्रँच आहे असं म्हणते तं हेड ऑफिसले स्वतः फोन करून विचार, अन् तो नंबर एजंटच्या कार्डावरचा नको, वेबसाइटवरचा घे. दुसरं, क्रोएशियात कामाचं परमिट मालकानं काढावं लागते, तोच तिथल्या पोलीस खात्याकडं अर्ज करते, एजंटच्या हातात ते नसतेच. म्हणजे मालक ठरलेला असलाच पाहिजे. कंपनीचं पूर्ण नाव माग, अन् तिथल्या प्रत्येक कंपनीले ओआयबी नावाचा 11 आकडी नंबर असते तोही माग. तिथल्या कोर्टाचं कंपनी रजिस्टर इंटरनेटवर कोणालेही फुकटात पाहता येते. "नाव व्हिसा आल्यावर सांगू" असं उत्तर आलं तं तिथंच उठून घरी ये.

एक गोष्ट तुझ्यासारख्या दहावी पास पोराइले कोणी समजून सांगत नाही. जे दहावी बी पास नाही त्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे आधी सरकारी मंजुरी लागते असा शिक्का लागते, असा माणूस गल्फ अन् आणखी काही देशांत कामाले निघाला की सरकार त्याचा करार पाह्यते, इन्शुरन्स काढायले लावते, मंगच जाऊ देते. तू दहावी पास आहेस, पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की तुझा पासपोर्ट बिनाईसीआरचा निघन, सगळे म्हणतीन भारी झालं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुले विमानतळावर कोणी अडवणार नाही, तुझा करार सरकारमधलं कोणी वाचणार नाही. जी तपासणी सरकारनं केली असती ती आता तुले स्वतः करायची आहे. म्हणून मी एवढं लांबण लावून राहिलो.

थायलंडचं दोन वाक्यात संपवतो, तिकडं जायचंच नाही अन् मित्रालेही जाऊ द्यायचं नाही. डेटा एन्ट्री म्हणून बँकॉकले उतरवते, तिथून गाडीत घालून म्यानमारच्या सीमेपलीकडं म्यावाड्डीकडं नेते, असंच कंबोडियात बी चालते अन् लाओसात बी, पासपोर्ट काढून घेते, अन् काम म्हणजे दिवसरात्र फोनवर लोकाइले ऑनलाइन फसवणं, नाही म्हटलं तं मार. 2025 च्या मार्च महिन्यात भारत सरकारले वायुदलाची विमानं पाठवून 500 च्या वर आपली पोरं तिथून परत आणावी लागली. हिंदी चालते असं जाहिरातीत काऊन लिहिते ते समजून घे, त्याइले हिंदी बोलणारा याच्यासाठी पाहिजे की फसवायचे लोक आपलेच आहेत. तसंच रशियात हेल्परचं काम म्हणून नेऊन 2024 मध्ये पोराइले लढाईवर धाडल्याचं उघडं झालं, ते बी तुझ्याच वयाचे होते.

आता काकाचा पोरगा म्हणते त्याच्यावर येतो. तुझी आजची परिस्थिती पाहता, हिंदी येते, इंग्रजी कच्चं, हातात इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, माझं मत गल्फच्या बाजूनं आहे, अन् कारण पगार नाही. कारण हे की तिथं तू इलेक्ट्रिशियन म्हणूनच राहशीन. साइटवर फोरमन केरळचा, चार्जहँड पाकिस्तानचा, स्टोअरवाला नेपाळी, सगळ्याइची मिळून जी मोडकीतोडकी हिंदी-उर्दू बनते तिच्यात काम चालते अन् वरचे कागद इंग्रजीत. अरबी आली नाही म्हणून काम अडत नाही. मुंबईत ट्रेड टेस्ट होते, डीबीचं, म्हणजे वीज वाटायच्या पेटीचं, ड्रेसिंग करून दाखव, केबलचं ग्लँडिंग कर म्हणजे केबल पेटीत घट्ट बसव, लग क्रिंप कर, कंड्युट वाकव, स्टार-डेल्टा जोड, मेगरचं रीडिंग सांग, म्हणजे परीक्षा तुझ्या हाताची आहे, तोंडाची थोडीच. घरगुती वायरिंगवाल्याचा ग्लँडिंग अन् केबल ट्रेवर हात बसलेला नसते, म्हणून जायच्या आधी पाच-सहा महिने बुटीबोरी नाही तं चंद्रपूरकडच्या एखाद्या कारखान्यात, पगार कमी असला तरी चालन, इंडस्ट्रियल काम कर. हे मी बजावून सांगतो, या सहा महिन्यानं तुझा गल्फचा पगार ठरणार आहे.

पण गल्फ म्हणजे डोळे मिटून सही असं नाही. ऑफर लेटर हातात आलं की बेसिक किती अन् भत्ते किती वेगळं पाह्य, कारण ओव्हरटाइम अन् शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, एजंट मात्र सगळं मिळून मोठा आकडा सांगते. कतारमध्ये 2021 पासून कमीतकमी पगार 1000 रियाल आहे, अन् मालक जेवण-राहणं देत नसन तं जेवणाचे 300 अन् राहण्याचे 500 वेगळे, यापेक्षा कमी कोणी म्हटलं तं तो कायदा मोडून राहिला अन् तू तं कारागीर आहेस, तुले याच्यापेक्षा बराच जास्त पाहिजे. यूएईत ऑफर लेटर अरबी अन् इंग्रजीसोबत कामगाराले समजेल अशा तिसऱ्या भाषेत मिळते, त्यात हिंदी आहे, म्हणून "हिंदीतलं द्या" म्हणायले लाजू नको. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं यूएई अन् कतार दोन्हीकडं बेकायदेशीर आहे. व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो असं कोणी म्हटलं की तो विषय बंद. राहायच्या खोलीचंही विचार, एका खोलीत किती जण, बाहेर निघायचे जिने किती. 2024 च्या जूनमध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगाराइच्या इमारतीले शॉर्ट सर्किटनं आग लागली अन् आपले चाळीसच्या वर लोक गेले. ऊन तं तू पाहिलेलं आहे, आपल्या ब्रम्हपुरी-चंद्रपूरच्या उन्हाले गल्फचं ऊन नवं नाही, पण तिथली दमट हवा वेगळी, घाम सुकतच नाही. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम लावता येत नाही, हा तुझा हक्क आहे, माहीत असलेला बरा.

काही अडलं तं परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, त्याच्यावर घरच्या माणसालेही इथून तक्रार टाकता येते, अन् 1800113090 हा टोल फ्री नंबर आहे, आईच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव. तिले सगळ्यात जास्त भीती याचीच असन की पोरगं तिकडं अडकलं तं मी विचारू कोणाले.

युरोप कायमचा सोडून दे असं मी म्हणत नाही. जर्मनीले कारागीर पाहिजे आहेत, भारतीयांसाठी कुशल कामगाराइचे व्हिसे वर्षाले 20 हजारावरून 90 हजार करायचं त्याइनं 2024 मध्ये जाहीर केलं, आपल्या राज्य सरकारनं बी त्याच वर्षी बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत 10 हजार कुशल पोरं पाठवायचा करार केला. त्याच्याबद्दल तुझ्या आयटीआयच्या प्राचार्याकडं जाऊन विचार, पण कराराच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नको. तिथं भाषा लागते अन् ते उघड सांगते, ट्रेडच्या माणसाले बी-वन या मधल्या पायरीपर्यंत जर्मनची तयारी पाहिजे, नर्सिंगवाल्या पोरीइले तं त्याच्या वरची बी-टू. जपानचंही तसंच, त्याइचा स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसा 2019 पासून आहे, बांधकाम, शेती, वृद्धांची सेवा अशी क्षेत्रं, अन् त्याच्यासाठी जपानीची एन-फोर किंवा त्याच तोडीची परीक्षा अन् कामाची एक परीक्षा. मले विचारशीन तं जो देश आधी भाषा शिकून ये म्हणते त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवतो, कारण त्याले तू कामाच्या जागी समजायले पाहिजे आहेस, तुझी सही नुसती नको आहे. वर्षभर मन लावून शिकलास तं बी-वन होते, आपल्या मराठी शाळेतली पोरं झाली आहेत. तुझ्या साडेपाच लाखापेक्षा त्याले बराच कमी खर्च लागन. गल्फमध्ये दोन वर्ष काढ, संध्याकाळी खोलीवर मोबाईलवर जर्मन शिक, हा रस्ता बी मले तुझ्यासाठी बरा वाटते.

इंग्रजीची भीती मात्र आत्ताच काढावी लागन, अन् ती तुले वाटते तेवढी मोठी नाही. साइटचं इंग्रजी म्हणजे दोनेकशे शब्द. लाइव्ह, डेड, आयसोलेट, एनर्जाइज, अर्थ, टॅग, परमिट, लोड, ट्रिप, टॉर्क, हजार्ड, यातले अर्धे तं तू रोज मराठीत वापरतोस. रोज पाच शब्द वहीत लिही, त्याचं वाक्य मोठ्यानं म्हण, वावरात म्हण, कोणी ऐकत नाही तिथं म्हण. सिंगल लाइन डायग्राम पाहून "हा ब्रेकर इथून या मोटारीले जाते" हे इंग्रजीत सांगायचा सराव कर. दुखते कुठं, चक्कर येते, पगार आला नाही, हेही म्हणता आलं पाहिजे. गल्फले गेलास तं अरबी आकडे वाचायले शिकून घे, एका दिवसाचं काम आहे, नाहीतर त्याइचा पाच आपल्या शून्यासारखा दिसते अन् रीडिंगमध्ये गोंधळ होते. मोबाईलमध्ये गुगल ट्रान्सलेट टाकून भाषा डाउनलोड करून ठेव, कॅमेरा धरला की कागदावरचं वाचून दाखवते, पण कराराची सही त्याच्या भरवशावर करू नको.

अन् एक वाक्य सगळ्यात आधी पाठ कर, "स्टॉप, आय डोन्ट अंडरस्टँड, शो मी." आपल्या पोट्ट्याइची एक सवय मी वर्गात वीस वर्ष पाहत आलो, समजलं नाही तरी मान हलवते अन् यस सर म्हणते, समोरच्याले वाटते समजलं. लाज वाटते विचारायची. वर्गात त्याच्यानं दोन मार्क जाते, चालत्या पॅनलपुढं काय जाते हे तू जाणतोस. ज्याले तीनदा विचारायची हिंमत आहे तो थोड्या भाषेत बी परदेशात टिकते, हे मी माझ्या गेलेल्या पोराइकडून ऐकून सांगतो.

आता या आठवड्यात काय करायचं. एजंटले तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर लेखी माग, लायसन्स नंबर, कंपनीचं नाव अन् ओआयबी, अन् युरोत पगार लिहिलेलं ऑफर लेटर. फोनवर नको, लेखीच. पैसे दे दे म्हणन, सीट भरून राहिल्या म्हणन, म्हणू दे. पासपोर्टची अन् मार्कशीटची ओरिजिनल त्याच्याकडं ठेवायले देऊ नको, देऊन बसला असशीन तं उद्याच्या उद्या आण. रोख एक रुपया बी द्यायचा नाही, पुढं कधी द्यायची वेळ आलीच तं बँकेतून, पावती घेऊन, अन् व्हिसा नाकारला तं किती दिवसात किती परत हे लिहून घेऊन. जे उत्तर येईन ते मले पाठव, मी वाचून सांगतो. अन् तोवर बाबांना रजिस्ट्रीले जाऊ देऊ नको, इसार घेतला नसन तं घेऊ बी देऊ नको.